हरणांचा हिशेब

शिकार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, राजेरजवाड्यांनी हाकारे घालून केलेल्या शिकारीचे. भिंतीवरची शिंगे आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढून घेतलेली छायाचित्रे. दुसरे, रात्रीच्या अंधारात चोरून केलेल्या शिकारीचे. दोन्ही चित्रांचा शेवट एकच. जनावरे कमी होत जातात आणि रान मुके होते. परंतु जगात काही ठिकाणी याहून वेगळा, तिसरा एक प्रकार आढळतो. एखादा लहान जमीनदार आपल्या दोन-तीनशे एकरांत रानटी हरणे राहू देतो, दरवर्षी त्यांतली ठरावीक हरणे मारू देतो, आणि तरीही पुढच्या वर्षी हरणे तितकीच असतात. हे कसे जमते, ते समजावून सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

हा विषय मी का निवडला, असे कोणीही विचारील. मी शिकारीची पुरस्कर्ती नाही. आमचे गाव वऱ्हाडातले, घरची सात एकर कोरडवाहू जमीन नाल्याच्या काठी. तूर फुलावर आली, हरभरा घाट्यांवर आला की रोह्यांचे कळप आणि रानडुकरे यांचा सुळसुळाट होतो. बाबा आणि मोठे बाबा आळीपाळीने रात्री जागलीला जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकात नीट शोधले तर कुठल्याही प्रश्नाचे उत्तर सापडते असा घरच्यांचा समज आहे. शोधता शोधता मी अमेरिकेतील टेक्सास राज्यापर्यंत पोचले. तिथल्या वन्यजीव खात्याने जमीनदारांसाठी काढलेली पत्रके शब्दकोश जवळ घेऊन वाचली. जे समजले ते पुढे मांडते.

हरीण कोणाचे?

टेक्सास हे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे राज्य. तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. राज्याच्या मध्यभागी चुनखडीच्या टेकड्यांचा एक मुलूख आहे, त्याला हिल कंट्री म्हणतात. माती उथळ, पाऊस लहरी, ओक आणि जुनिपरची झाडी. येथे पांढऱ्या शेपटीचे हरीण विपुल आहे. घाबरले की ते शेपटी उभारते आणि खालचा पांढरा भाग चमकतो, म्हणून हे नाव. अंगाने साधारण आपल्या चितळाएवढे किंवा थोडे लहान.

तिथल्या कायद्याची गंमत अशी की जमीन मालकाची असली तरी तिच्यावर चरणारे हे हरीण मालकाचे नसते. ते राज्यातील जनतेचे. किती मारायची, कोणत्या महिन्यांत मारायची, हे सरकार ठरवते. शिकारीचा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. शिकाऱ्याला परवाना काढावा लागतो. परवान्यासोबत मोजके बिल्ले मिळतात आणि मारलेल्या प्रत्येक हरणाला एक बिल्ला बांधावा लागतो. बिल्ले संपले की शिकार संपली.

मग मालकाच्या हाती काय राहते? त्याच्या हाती राहते कुंपणाचे फाटक. त्याच्या परवानगीवाचून कोणी आत येऊ शकत नाही. ही परवानगी तो शहरातल्या शिकाऱ्यांना हंगामापुरती भाड्याने देतो. थोडक्यात, हरीण जनतेचे, नियम सरकारचा, जमीन शेतकऱ्याची आणि पैसा शिकाऱ्याचा, अशी ही चौघांची भागी आहे. हरीण वावरात आले तर शेतकऱ्याचे काही प्रमाणात नुकसान होते, पण त्याला त्या हरणापासून उत्पन्नही असते. म्हणून तो त्याला हाकलून देत नाही.

१९३७ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर कर बसवून त्याची रक्कम राज्यांच्या वन्यजीव खात्यांना देण्यात येते. पुढे १९९५ साली टेक्सासच्या मतदारांनी राज्यघटनेतील अशा दुरुस्तीला कौल दिला की वन्यजीव राखणे हेही शेतीसारखेच मानावे आणि त्या जमिनीवर शेतजमिनीप्रमाणे कमी कर आकारावा. मात्र त्यासाठी मालकाने सात कामांपैकी किमान तीन कामे करून दाखवली पाहिजेत: रानाची सुधारणा, धूप रोखणे, शिकारी जनावरांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा आणि गणती. या यादीत गणतीचा समावेश आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

जमीन किती पोसते?

बैलजोडी किती ठेवावी हे शेतकरी कडब्याच्या गंजीकडे बघून ठरवतो. हरणांचेही तसेच आहे. पावसाळ्यात रान हिरवेगार असते, तेव्हा कितीही हरणे पोसतील असे वाटते. खरी परीक्षा टंचाईच्या दिवसांत होते. ज्या दिवसांत चारा सर्वांत कमी असतो, त्या दिवसांत जितकी जनावरे धडधाकट राहतील तितकीच त्या जमिनीची खरी ताकद.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाय गवतावर जगते. पांढऱ्या शेपटीचे हरीण गवतावर जगू शकत नाही. त्याचे पोट लहान असते आणि जून, चिवट गवत त्याला नीट पचत नाही. त्याला हवा कोवळा पाला, रुंद पानांच्या रानभाज्या, ओकची फळे. त्यामुळे बाहेरून गवताने भरलेले दिसणारे रान हरणांसाठी रिकामे असू शकते. जाणकार मालक गवताकडे पाहत नाही, झुडपांच्या खालच्या पानांकडे पाहतो. हरणाचे तोंड पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच फुटांपर्यंत, सगळी झुडपे कात्रीने कापल्यासारखी बोडकी झाली असतील तर समजावे की हरणे जमिनीच्या ताकदीपेक्षा जास्त झाली आहेत.

अशा वेळी पुष्कळ मालक मक्याचे दाणे टाकतात. मक्यावर हरणे जमतात खरी, पण त्यात प्रथिने थोडी असतात, आणि एकाच जागी तोंडे भिडल्याने रोग पसरण्याची भीती असते. हरणांना होणारा एक असाध्य रोग तिथे चिंतेचा विषय झाला आहे. त्यात मेंदूचा नाश होऊन जनावर झुरत मरते. १९६७ साली तो कोलोरॅडो राज्यात प्रथम लक्षात आला. २०१२ साली तो टेक्सासमध्ये सापडला. त्याचे विष मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि त्यावर औषध नाही. म्हणून खात्याचा सल्ला असा की आधी रान सुधारावे. दाणे हा रानाला पर्याय नव्हे.

रान सुधारण्याची साधने कोणती? आल्डो लिओपोल्ड नावाचे एक वनाधिकारी पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३३ साली त्यांनी या विषयावरचा पहिला मोठा पाठ्यग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की ज्या पाच गोष्टींनी जंगली जनावरांचा नाश केला त्याच पाच गोष्टींनी त्यांना परत आणता येते: कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक. हिल कंट्रीत याचा अनुभव येतो. जुनिपरची झाडी फार दाटली तर खाली काही उगवत नाही, म्हणून ती ठिकठिकाणी तोडायची. वारा आणि ओल पाहून ठरवून आग लावली की जुने वाळलेले जळून नवे कोंब फुटतात. गुरे एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरवत ठेवली की प्रत्येक तुकड्याला विसावा मिळतो. शेवटी बंदूक, म्हणजे संख्या मर्यादेत ठेवणे.

मोजणी

संख्या मर्यादेत ठेवायची तर आधी ती माहीत पाहिजे. रानटी हरीण काही हजेरी द्यायला उभे राहत नाही. त्यासाठी जी पद्धत वापरतात ती दहावीच्या गणिताइतकी सोपी आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीस, हंगामापूर्वी, रात्री उघड्या गाडीतून एका ठरलेल्या वाटेने सावकाश जायचे. दोन्ही बाजूंना प्रखर दिवा टाकायचा. हरणांचे डोळे चमकतात, ते मोजायचे. दिवसा त्याच वाटेने जाऊन, कुठे किती मीटरपर्यंत दिसते ते मोजून ठेवायचे. समजा वाट पाच किलोमीटर आहे आणि दोन्ही बाजू मिळून सरासरी १६० मीटर पट्टा दिसतो. म्हणजे ८० हेक्टर, सुमारे २०० एकर जमीन आपण पाहिली. तीन रात्रींच्या फेऱ्यांत सरासरी २० हरणे दिसली, तर दर दहा एकरांना एक हरीण असा हिशेब निघतो. तो साऱ्या जमिनीला लावायचा. शिवाय नर किती, माद्या किती, पाडसे किती याची नोंद वेगळी ठेवायची. अलीकडे आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे झाडाला बांधूनही गणती करतात.

हा आकडा अचूक नसतो हे उघड आहे. पण दरवर्षी त्याच वाटेने, त्याच दिवसांत, त्याच रीतीने मोजले, तर हरणे वाढत आहेत की घटत आहेत हे निश्चित कळते.

मादीचा प्रश्न

आता सर्वांत अवघड मुद्दा. आपल्याकडे मादी मारणे पाप समजतात, आणि अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनाही ते पटकन रुचत नाही. त्यांना मोठ्या शिंगांचा नर हवा असतो. पण केवळ नर मारून संख्या आटोक्यात राहत नाही. हे एका उदाहरणाने स्पष्ट करते.

समजा ३०० एकरांची जमीन आहे आणि ती हंगामानंतर ३० हरणे पोसू शकते. गणतीत ३६ आढळली: ९ नर, १८ माद्या, ९ पाडसे. कोरड्या मुलखात दोन माद्यांमागे एक पाडस जगते असे धरू. वर्षभरात तीन जनावरे म्हातारपणाने, रोगाने किंवा कोयोटीच्या तोंडी जातात. कोयोटी हा कोल्ह्याच्या कुळातला प्राणी. आता सहा हरणे काढली तर ३० उरतात. त्यांतून तीन गेली, नऊ पाडसे आली. पुढच्या वर्षी पुन्हा ३६. हिशेब जुळला.

पण ही सहा कोणती? सहाही नर मारले तर मोठे नर तीनच उरतात, माद्या मात्र अठराच्या अठरा. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे पाडसे कमी होत नाहीत. उलट त्या वर्षीच्या पाडसांतल्या चार-पाच माद्या मोठ्या होऊन अठरात भर पडते. दोन-तीन वर्षांत माद्यांचा कळप दुप्पट होण्याच्या मार्गाला लागतो, झुडपे बोडकी होतात आणि एखाद्या दुष्काळी वर्षी हरणे डोळ्यांदेखत उपाशी मरतात. त्याऐवजी दोन वयस्क नर आणि चार माद्या काढल्या, तर चौदा माद्या उरतात, पाडसांतल्या चारेक त्यात मिळतात आणि पुन्हा अठरा होतात.

हे पटवून देणे सोपे गेलेले नाही. १९४३ साली विस्कॉन्सिन राज्याने माद्या मारण्यास परवानगी दिली तेव्हा शिकाऱ्यांनीच त्याविरुद्ध गदारोळ केला. वर उल्लेखिलेले लिओपोल्ड त्या राज्याच्या आयोगावर सभासद होते. त्यांनाही बरीच टीका सोसावी लागली. टेक्सासमध्ये याला आणखी एक कारण मिळाले. तिथे एक माशी जनावरांच्या जखमेत अंडी घालत असे आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खात. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाची ओली नाळ ही तिची आवडती जागा. १९६२ पासून गुरांच्या रक्षणासाठी या माशीच्या निर्मूलनाची मोठी मोहीम निघाली. गुरे वाचली, त्याबरोबर पाडसेही वाचली आणि हरणे भराभर वाढली. एक शत्रू दूर केला की त्याचे काम कोणाला तरी करावे लागते, हा याचा अर्थ.

दात आणि शिंगे

मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद ठेवतात: तारीख, वजन, मादी असल्यास तिच्या सडांत दूध होते की नाही, नर असल्यास शिंगांचे माप, आणि वय. वय ओळखतात खालच्या जबड्याच्या दातांवरून. १९४९ साली न्यूयॉर्कमधील सेव्हरिंगहाउस या तज्ज्ञाने ही रीत पद्धतशीर मांडली. पाडसाची तिसरी उपदाढ तीन उंचवट्यांची असते. साधारण दीड वर्षाचे झाल्यावर ती पडून दोन उंचवट्यांची नवी येते. त्यानंतर दाढा किती झिजल्या यावरून अंदाज बांधतात.

हा भाग मी बाबांना वाचून दाखवला, तेव्हा ते हसले. बैलबाजारात दोनदाती, चारदाती, जुळलेला असे म्हणत जबडा उघडून पाहणाऱ्याला यात नवे काय? मात्र हेतूतला फरक आहे. बैलाचे वय किंमत ठरवण्यासाठी पाहतात. हरणाचे वय कळपाची प्रकृती ओळखण्यासाठी. दीड वर्षाच्या हरणांचे सरासरी वजन वर्षानुवर्षे घटत असेल, तर रानात गर्दी झाली आहे असे समजतात.

शिंगांविषयीही एक खुलासा केला पाहिजे. मराठीत आपण सगळ्यांना शिंगेच म्हणतो, पण त्यांत दोन जाती आहेत. काळविटाची, रोह्याची, बैलाची शिंगे जन्मभराची असतात. चितळ, सांबर आणि हे अमेरिकन हरीण यांची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नवी फुटतात. वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. ती किती मोठी होतात हे वय, आहार आणि आनुवंशिकता या तिन्हींवर अवलंबून असते. पहिल्या दोन गोष्टी मालकाच्या हातातल्या. म्हणून कोवळे नर वाचवण्यासाठी २००२ साली टेक्सासच्या सहा परगण्यांत एक नियम लागू झाला, पुढे तो पुष्कळ ठिकाणी पसरला. ज्या नराच्या दोन शिंगांमधले आतले अंतर १३ इंचांपेक्षा कमी, त्याला सामान्यतः मारायचे नाही. हे लांबून कसे कळावे? सावध उभ्या हरणाच्या दोन कानांच्या टोकांमधले अंतर साधारण तेवढेच असते. शिंगे कानांच्या बाहेर गेलेली दिसली तरच बंदूक उचलायची.

आपल्याकडचे पाहुणे

या टेक्सासच्या रानात आपले ओळखीचे प्राणी भेटतील, याची मला कल्पना नव्हती. १९३० च्या सुमारास दक्षिण टेक्सासमधील किंग रँच या विस्तीर्ण गुरांच्या वाडीवर नीलगायी, म्हणजे आमचे रोही, नेऊन सोडण्यात आले. १९३२ साली हिल कंट्रीत काळवीट आणि चितळ आले. ते तिथे चांगलेच रुळले आहेत. काळविटांच्या बाबतीत तर असे झाले की पाकिस्तानातून ती नाहीशी झाल्यावर १९७० च्या दशकात टेक्सासमधून काही काळविटे बहावलपूरजवळच्या लाल सुहान्रा येथे पाठवण्यात आली.

पण या पाहुण्यांनी यजमानांपुढे संकटही उभे केले. चितळ आणि सिका हरीण पाला संपला की गवतावर भागवू शकतात; पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ते जमत नाही. केर येथील सरकारी संशोधन क्षेत्रात १९७१ साली ९६ एकरांच्या बंदिस्त कुरणात सहा देशी हरणे आणि सहा सिका हरणे एकत्र सोडली. १९७९ पर्यंत सिका ६२ झाली आणि देशी हरीण एकही उरले नाही. कोणी कोणाला मारले नाही. फक्त ताटातले अन्न संपले.

आणखी एक विसंगती पाहा. तिथे देशी हरीण जनतेचे, पण बाहेरून आलेले चितळ, काळवीट आणि रोही हे मालकाच्या गुराढोरांसारखे. त्यांना सरकारी हंगाम नाही की संख्येची मर्यादा नाही. जो प्राणी आपल्याकडे पिकात शिरला तर शेतकऱ्याने फक्त आरडाओरडा करायचा, तोच प्राणी तिथे मालमत्ता ठरतो.

शेजारी

दोन-तीनशे एकर ही तिथे लहान जमीन गणली जाते. हरणाला सातबारा ठाऊक नसतो. एका नराचा वावर सहाशे-सातशे एकरांत सहज असतो. एकाने नेमाने कोवळे नर राखावेत आणि कुंपणापलीकडच्याने ते मारावेत, असे झाले तर सारा खटाटोप व्यर्थ. श्रीमंत मालक आठ फुटी जाळीचे कुंपण घालतात. ज्यांना ते परवडत नाही ते शेजारी मिळून संघ करतात. एकत्र मोजतात, एकत्र मर्यादा ठरवतात, नोंदी एकत्र ठेवतात. मला स्वतःला या साऱ्या व्यवहारातला हा भाग सर्वांत अनुकरणीय वाटला.

दोष नाहीत असे मुळीच नाही. शिंगांच्या हव्यासापायी तिथे काही जण हरणांची बंदिस्त पैदास करतात आणि मोठ्या किमतीला त्यांची शिकार विकतात. ती राखण नव्हे, धंदा आहे. ज्यांच्याजवळ पैसा त्यांनाच शिकार परवडते, हाही आक्षेप खरा आहे. केवळ करमणुकीसाठी जीव घ्यावा का, हा प्रश्न तर कुठल्याच गणिताने सुटत नाही.

आपण काय घ्यावे?

आपल्या देशाने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. १९७२ साली वन्य जीव (संरक्षण) अधिनियम आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा दरवाजा पूर्ण बंद झाला. कोल्हापूर संस्थानचे दाजीपूरचे राखीव शिकारीचे रान १९५८ सालीच अभयारण्य झाले होते. हा मार्ग योग्यच आहे. तो नसता तर आज काळवीट चित्रातच पाहावे लागले असते. तेव्हा टेक्सासप्रमाणे आपणही फाटके उघडून शिकार भाड्याने द्यावी, असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे निराळे आहे. तिथे हरणामागे कोणी तरी हिशेब ठेवणारा आहे. ते किती आहेत, जमीन किती पोसते, किती वाढले आणि ज्याच्या वावरात ते चरले त्याला काय मिळाले, याची वही आहे. आपल्याकडे रोही कोणाचा? कायद्याने सरकारचा. चरतो कुठे? शेतकऱ्याच्या वावरात. पिकाची नासाडी झाली तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रोही, रानडुक्कर यांसारख्या प्राण्यांबाबत कलम ११ प्रमाणे अधिकाऱ्याला लेखी परवानगीही देता येते. पण अर्ज करायचा तर पंचनामा, छायाचित्रे, कागद, हेलपाटे. आमच्याकडून एका वर्षी अर्ज दिला गेला आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत तुरीची कापणी होऊन गेली होती. मग काही जण कंटाळून कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात. त्यात रानडुक्कर मरते, वाघ-बिबटे मरतात आणि माणसेही मरतात. ज्याला वाटा नाही आणि ज्याचे कोणी ऐकत नाही, तो शेवटी अशा टोकाला जातो. याचे समर्थन नाही, पण कारण तरी समजून घेतले पाहिजे.

टेक्सासच्या गणतीविषयी ऐकल्यावर मोठ्या बाबांनी विचारले होते, “मंग आपल्या वावरातले रोही कोन मोजते?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. म्हणून एक नम्र सूचना करते. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी हिवाळ्यात एखाद्या गावी जाते. रस्ते झाडणे, प्रभातफेरी हे कार्यक्रम होतातच. त्यांच्या जोडीला भूगोल विभागाच्या मार्गदर्शनाखाली, वनखात्याला आगाऊ कळवून, एका गावाच्या शिवारात पाच किलोमीटरची एक पांदण ठरवावी. पहाटे आणि सायंकाळी तीन दिवस तिच्यावरून पायी जावे आणि रोही, काळवीट, रानडुकरे मोजावीत. नर, माद्या, पिल्ले वेगवेगळी लिहावीत. त्याच वहीत गावकऱ्यांना विचारून नुकसानीची नोंद करावी: तारीख, गट क्रमांक, पीक, किती गुंठे. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच पांदणीने पुन्हा मोजावे.

याने एकाही शेतकऱ्याची तूर लगेच वाचणार नाही, हे मला कळते. परंतु अर्जासोबत जोडायला गावाजवळ वही असेल, आणि ‘रोही फार झाले’ या तक्रारीऐवजी ‘इतके होते, इतके झाले’ असे सांगता येईल. शिबिरासाठी पहिले गाव म्हणून मी आमचे गाव सुचवते. राहण्याची सोय शाळेत होईल, जेवणाची आमच्याकडे. आणि पुढच्या वार्षिक अंकात त्या गावाच्या नावापुढे निदान एक आकडा तरी छापता येईल.